उसने खांदे

मंदा लोंढे ही मंदा लोंढे नाही, असा निकाल यंत्राने दिला तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मंदाकाकू तहसील कचेरीत माझ्या शेजारीच उभ्या होत्या. पडद्यावर लाल अक्षरांत ‘तोतया’ असा शब्द उमटला. काकूंनी तो मला वाचायला लावला, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

“म्हंजे काय गं वृंदा?”

“म्हणजे तुम्ही दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगून आलात, असं ते म्हणतंय.”

“आगं बया! मग मी हाय तरी कोण?”

मी पावतीचं बटण दाबलं. मी पिंपरवेलच्या नगरपंचायत शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. शिवाय दहा वर्षं चार आणि पाच नंबर प्रभागांची बीएलओ आहे, म्हणजे दारोदार फिरून मतदार यादी सांभाळते. या दोन प्रभागांत मार्केट यार्डामागची सगळी हमालवाडी येते. मंदाकाकू तिथेच राहतात आणि डाळमिलमध्ये तूर निवडतात. माझं बारसं जेवलेल्या या बाईच्या हातात मी ‘ओळख पटली नाही’ अशी पावती ठेवली. तसा नियमच होता. पावतीवर खाली बारीक अक्षरांत फौजदारी कारवाईचा इशाराही होता. तो मात्र मी मोठ्याने वाचला नाही.

हे यंत्र आलं कसं, ते सांगायला हवं. पंधराएक वर्षांपूर्वीपर्यंत माणसाचा चेहरा हा पुरावा मानला जायचा. मग चेहरे बनवणं हा पोरखेळ झाला. जगात नसलेल्या माणसाचा चेहरा, त्याच्या आईचा चेहरा, दोघांचा जत्रेतला फोटो, फोनला सांगितलं की पाच मिनिटांत सगळं तयार. असे बनावट मतदार याद्यांमध्ये शिरू लागले तेव्हा शास्त्रज्ञांनी चेहऱ्याचा नाद सोडला आणि नजर थोडी खाली आणली.

आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना एकेक आडवं हाड असतं. शरीरातली बाकीची हाडं वाढायची थांबली तरी हे हाड पंचविशीपर्यंत घडत राहतं. कोण डावखुरा, कुणी लहानपणी कडेवर भावंडं वागवली, कुणी डोक्यावर पाणी वाहिलं, त्याप्रमाणे त्याचा बाक आणि उतार ठरत जातो. जुळ्या भावांचेसुद्धा खांदे सारखे नसतात. साध्या फोटोत कपड्याची चुणी कुठे पडली आणि मानेची सावली किती लांब गेली, एवढ्यावरून आतल्या हाडांचा आराखडा मांडता येतो, हे एका प्रयोगशाळेने दाखवून दिलं. त्या आराखड्याला त्यांनी अस्थिमुद्रा असं भारदस्त नाव ठेवलं. आमच्या गावाने खांदेयंत्र म्हटलं.

यादी शुद्ध करायची मोहीम निघाली. यंत्राने राज्यातल्या सगळ्या मतदारांचे फोटो तपासले. दोन नावांची अस्थिमुद्रा एकच निघाली, तर माणूस एकच. मग एक नाव ठेवायचं आणि दुसरं काढायचं. बाकीच्या गावांत पाच-सात नावं गेली. पिंपरवेलमध्ये तीनशे अठरा गेली, तीही सगळी माझ्या दोन प्रभागांतली.

हरकत घ्यायची सोय होती, पण ती सोय म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं होतं. हरकत घेणाऱ्याने यंत्रापुढे उभं राहायचं आणि यंत्राने त्याचे जिवंत खांदे कार्डावरच्या फोटोशी ताडून बघायचे. मंदाकाकूंचे खांदे त्यांच्याच फोटोशी जुळले नाहीत. गुलाबभाई शेख शिंप्यांचेही जुळले नाहीत. आधी नुसतं नाव गेलं होतं, हरकत घेतल्यावर माणूस गुन्हेगार ठरू लागला. शनिवारी पाच वाजता अंतिम यादी लागणार होती. त्यानंतर कुणीही येवो, नाव चढणार नव्हतं.

पुढाऱ्यांनी मात्र आठवडा झकास साजरा केला. नगराध्यक्ष देशमाने तहसीलमध्ये आले आणि ‘तीनशे अठरा बोगस मतदार पकडल्याबद्दल’ त्यांनी खांदेयंत्राचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल यंत्राच्या डोळ्यावरच पडल्याने अर्धा तास कामकाज बंद होतं. विरोधी बाजूने भगवान गाडेंनी मोर्चा काढला. गाडे हे हमालांचे पुढारी आणि नगराध्यक्षपदाचे उमेदवार, सगळी हमालवाडी त्यांना मामा म्हणते. त्यांचंही नाव उडालं होतं. ‘खांद्यावर पोती, यादीत माती’ ही घोषणा त्यांना तिथेच सुचली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंतींवर झळकली. हे असं का झालं, ते मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही, खरं सांगायचं तर. यंत्र चुकत नाही, असं मीच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात यादी उघडून बसले. तीनशे अठरा गेले, ते कोणाच्या नावावर गेले, ते बघावं म्हटलं. बायकांच्या गटात एकशे त्रेचाळीस नावं काढून एकच ‘खरी मतदार’ ठेवली होती. तिच्या नावापुढे शेरा होता: पूर्वी चुकीने वगळलेली, नाव पूर्ववत.

शोभा रमाकांत शेटे.

माझी आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिचं नाव कमी करायचा अर्ज मीच भरला होता, माझ्याच हाताने, माझ्याच सहीने.

मी त्या एकशे त्रेचाळीस जणींचे फोटो एकाखाली एक लावले आणि प्रत्येकीचा चेहरा वहीच्या पुठ्ठ्याने झाकला. गळ्याखाली सगळीकडे तोच मोरपंखी काठ, तीच डावीकडची पिन, तोच किंचित उचललेला डावा खांदा. आई शिलाई मशीनवर बसायची, म्हणून तिचा खांदा तसा होता. मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. पुरुषांचे एकशे पंच्याहत्तर फोटो उघडले. काळा कोट, निळा टाय आणि त्यांच्या आत माझे वडील.

यंत्र चुकलं नव्हतं. त्या एकशे त्रेचाळीस फोटोंत खरोखरच एक बाई होती आणि एकशे पंच्याहत्तर फोटोंत एक पुरुष.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरवेलमधल्या शोभा फोटो स्टुडिओचे मालक. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि माझ्याचकडे असतात. मी घरी गेले तेव्हा ते मेथी निवडत बसले होते.

“अण्णा, आईचे खांदे किती जणींना दिलेत तुम्ही?”

त्यांचा हात थांबला. “मोजले नाहीत गं.”

“एकशे त्रेचाळीस.”

“असतील तेवढ्या,” ते म्हणाले आणि पुन्हा मेथी निवडू लागले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी मोठी फेरनोंदणी झाली, सगळ्यांना नवे फोटो द्यायचे होते आणि मुदत पंधरा दिवसांची. पैसेवाले लोक इस्त्रीच्या कपड्यांत आले. हमालवाडी यार्डातून थेट आली. फाटका बनियन, अंगाला भुसा, बायकांच्या ब्लाउजला ठिगळं. कार्डावर जन्मभर राहणार तो फोटो, असा कसा काढायचा, म्हणायचे. स्टुडिओत एकच कोट होता, तो तिसऱ्याच हमालाच्या पाठीवर उसवला. तेव्हा अण्णांनी स्वतःचा कोटातला एक फोटो काढला आणि येईल त्याचं डोकं त्याच्यावर बसवायला सुरुवात केली.

“आणि आई?”

“बायका लाजायच्या. तीच म्हणाली, माझा काढा न् सगळ्यांना लावा. मी काय झिजते का त्यानं?”

“अण्णा, हे खोटे पुरावे झाले! सरकारी ओळखपत्रं होती ती.”

“मी माणसांना नीट कपडे घातले.”

“कागदावर!”

“मग त्यांनी कागदच मागितला होता ना, वृंदा?”

मी पाणी पिऊन आले आणि एकच प्रश्न विचारला, “मूळ फोटो आहेत का? डोकं बसवायच्या आधीचे?”

अण्णांनी आयुष्यात काही फेकून दिलेलं नाही. त्यांनी कपाटाकडे बघितलं तेव्हाच मला कळलं. मूळ फोटोंत प्रत्येकाचे स्वतःचे खांदे होते. ते यंत्राला दाखवले की तीनशे अठरा माणसं तीनशे अठरा ठरणार होती.

“आहेत. पण देणार नाही,” ते म्हणाले. “दार लावून एकेकाचा फोटो काढला मी. हा फोटो कुणी बघणार नाही असा प्रत्येकाला शब्द दिलाय.”

“त्यांचं मत चाललंय, अण्णा. त्या मंदाकाकूंवर खटला होईल!”

“मला आत टाका. मीच केलं असं लिहून देतो. पण त्यांची लाज मी चव्हाट्यावर मांडणार नाही.”

“तुमच्या लेखी कबुलीने यंत्र ऐकणार नाही. त्याला हाडं लागतात.” मी खाली बसले. “त्यांनाच विचारू या. ज्याचा फोटो, त्याची परवानगी. मग तर झालं?”

अण्णांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि चपला शोधायला उठले.

बुधवारी आम्ही दोघं बायकांकडे गेलो. सुरुवात मंदाकाकूंपासून केली. अण्णांनी टॅबवर त्यांचा मूळ फोटो काढून फक्त त्यांच्यासमोर धरला. काकूंनी चष्मा लावून तो बघितला. खांद्यावर उसवलेला ब्लाउज, तिथे दोरा कमी पडला म्हणून चक्क सुतळीचा टाका.

“किती वाळले व्हते मी,” त्या म्हणाल्या. “दावा खुशाल. तोतया म्हणवून घेण्यापरीस ही सुतळी बरी.”

मग त्याच आमच्याबरोबर निघाल्या. काही जणींनी डोळे पुसले, दोघी-तिघींनी अण्णांना खडसावलं, एकीने त्या फोटोची प्रत मागून घेतली. संध्याकाळपर्यंत एकशे त्रेचाळीस अंगठे आणि सह्या झाल्या.

गुरुवारी पुरुषांकडे गेलो आणि पहिल्याच घरात अडलो. “मामा म्हणतील तसं,” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या घरात तेच, दहाव्या घरात तेच. हमालांच्या टोळीची रीत मला माहीत होती, पण लक्षात आली नव्हती. ट्रकवरचं पोतं असो की दरवाढीची बोलणी, मुकादम ‘उचला’ म्हणाल्याशिवाय टोळीतला एकही माणूस हात लावत नाही. सगळ्या टोळ्यांचे मुकादम भगवान गाडे. गुलाबभाईंसारखे दहा-बारा जण टोळीबाहेरचे होते, त्यांनी सह्या दिल्या. बाकी एकशे साठावर माणसं मामांच्या तोंडाकडे बघत होती.

गाडे संघटनेच्या कचेरीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

“बाई, तीनशे अठरा गरिबांविरुद्ध कट झालाय, ह्याच्यावर मी निवडणूक मारतो. रमाकांत शेट्यानं कोट चिकटवला, ह्याच्यावर काय मारू? लोक हसतील.”

“मामा, तुमचं नावच यादीत नाही. उभे कसे राहणार?”

“कोर्टात जाऊ.”

“कोर्टाची तारीख निवडणुकीनंतर पडेल. आणि तुमच्या हमालांनी मत द्यायचं कधी?”

त्यांनी टेबलावरचे कागद आवरायला घेतले, पण हो काही म्हटलं नाही. अण्णांनी मला डोळ्यांनी बाहेर जायची खूण केली. मी पडवीत जाऊन उभी राहिले, पण दार उघडंच होतं.

“भगवान,” अण्णा म्हणाले, “तुझा फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. माझ्या पोरीलाही नाही. तू एकदा बघ, मग हो म्हण नाहीतर नाही म्हण.”

गाडेंनी टॅब हातात घेतला. मग त्यांचा आवाज आला, पण तो मोर्चातला नव्हता.

“ही हळद आईनं लावली व्हती. साल निघाली व्हती सगळी.”

“हो. उजवा खांदा चार बोटं खाली गेला होता तुझा.”

“म्याच म्हणलो व्हतो तुमाला, अण्णा, खांदा सरळ करा. आमचं लगीन ठरंना. हाच फोटो मग पावण्यांकडं धाडला.” ते जरा हसले. “बायकूला आजपातूर सांगितलं न्हाई.”

“आता सांगावं लागेल.”

“तिला का कळलं नसंल व्हय? बारा वर्सं संसार केला.” त्यांनी टॅब खाली ठेवला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. “लाज वाटायची ह्या खांद्याची. अजूनबी वाटती, खोटं कशाला बोलू? आणि म्या तर सभेत सांगत फिरतो, कष्टाची लाज धरू नका म्हणून.”

मग ते उठून पडवीत आले, माझ्याकडे न बघता कठड्याशी उभे राहिले आणि खाली यार्डात बसलेल्या टोळीला ओरडून म्हणाले, “उचला रं!”

शनिवारी तहसीलच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. नायब तहसीलदार ठोंबरे साहेब कडक माणूस, कागदाशिवाय बोलत नाहीत. त्यांनी आमचा अर्ज दोनदा वाचला, मूळ फोटोंची डिस्क सील करून तपासायला दिली, फोटो त्याच काळातले आणि अस्सल असल्याचा दाखला मिळेपर्यंत कुणालाही उभं केलं नाही. पहिली हाक पडली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मंदाकाकू यंत्रापुढे उभ्या राहिल्या. या वेळी यंत्राने त्यांचे खांदे सुतळीच्या टाक्याच्या फोटोशी ताडून बघितले. हिरवा दिवा लागला. ‘मंदा किसन लोंढे. ओळख पटली.’

“काय म्हणतंय?” चष्मा असूनही काकूंनी मला विचारलं.

“तुम्ही मंदा लोंढे आहात म्हणतंय.”

“मी तरी येगळं काय सांगत व्हते?”

त्यानंतर रांग सरकू लागली. हमाल एकेक करून पुढे येत होते आणि यंत्र प्रत्येकाच्या नावाखाली बारीक टीप देत होतं. उजव्या खांद्यावर दीर्घकाळ भार. डाव्या खांद्यावर भार, जुना अस्थिभंग. दोन्ही खांद्यांवर आलटून पालटून भार. सगळ्यांनी पोतीच वाहिली होती, पण एकाचीही टीप दुसऱ्यासारखी नव्हती. मग गाडे उभे राहिले. मोठ्या पडद्यावर हळद लावलेला तरुण भगवान आला. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला, आणि ती हसते आहे हे मागून तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. हिरवा दिवा लागला.

चार वाजून दहा मिनिटांनी तीनशे अठरावं नाव चढलं. मी खिडकीत टेकले. देशमाने कुठून तरी दुसरी शाल घेऊन आले होते. यंत्राने तीनशे अठरा खऱ्या मतदारांना न्याय दिला, असं ते बाहेर पत्रकारांना सांगत होते. सांगू देत, मला त्या क्षणी त्यांचाही राग येत नव्हता.

“एक नाव राहिलं,” ठोंबरे साहेब म्हणाले. “शोभा रमाकांत शेटे. हे कुणी सांगेल का?”

मी पुढे झाले, पण अण्णा माझ्या आधी उभे राहिले होते. “ती नाही आता, साहेब. सहा वर्षं झाली.” एवढं बोलून त्यांनी कागद मागितला आणि अर्जावर सही केली. सही जरा वाकडी आली.

साहेबांनी तो अर्ज बाजूला ठेवला आणि दुसरा कागद ओढला. “आता तुमचं, शेटे. ओळखपत्राच्या फोटोत फेरफार केल्याचं तुम्ही लिहून दिलंय. फसवणूक म्हणून गुन्हा नोंदवायचा, तर फसवला गेलेला माणूस हवा.” त्यांनी हॉलकडे बघितलं. “तीनशे अठरांपैकी कुणाची तक्रार आहे?”

कुणी हललं नाही. अण्णा खाली मान घालून उभे होते. एवढ्या वर्षांच्या ओळखीची माणसं समोर बसलेली आणि वर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी मनातल्या मनात दहा अंक मोजले. आठव्या अंकाला मंदाकाकूंनी हात वर केला.

मी काकूंकडे वळले.

“बोला,” साहेबांनी पेन उचललं.

“त्या वर्षी माझ्या अंगावर धड ब्लाउज नव्हता, सायेब. यांच्या बायकोनं आपल्या अंगावरचा पदर मला दिला. तेरा वर्सं त्यो पदर घिऊन मी मत दिलं, रेशन आणलं, दवाखान्यात गेले. कुठंबी मान खाली घालावी लागली न्हाई. ती बाई गेली तवा मी मिलमधनं सुट्टी मागितली, तर मिळाली न्हाई.” काकू टेबलाजवळ आल्या. “त्याची तक्रार कुठं लिवून घेता?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कागदावर ‘तक्रारदार कुणी नाही’ एवढंच लिहून त्यांनी शिक्का मारला. हॉलमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. मामांच्या टोळीतला एक जण अण्णांना बसायला खुर्ची घेऊन आला. मंदाकाकू त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या, आणि आई शेवटी कशी होती, काय खायची, काय बोलायची, ते सगळं विचारू लागल्या. अण्णा सांगत होते. सहा वर्षांत मला सांगितलं नव्हतं, तेही सांगत होते.